परक्यांनी उघडलेली दारं

जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या बॉन शहरात एक संस्था आहे, ‘अंधेरी-हिल्फे’. हिल्फे म्हणजे मदत, आणि अंधेरी म्हणजे आपलीच, लोकलच्या पाटीवर रोज दिसणारी. हे नाव तिथवर कसं पोचलं, हा धागा मागे ओढत गेलं की उपनगरातल्या कॅथलिक सेवेची ऐंशी वर्षं हाती लागतात.

धाग्याचं दुसरं टोक अंधेरी पश्चिमेला, वीरा देसाई रोडवरच्या सेंट कॅथरिन्स होममध्ये आहे. आज या भागाला टॉवर आणि स्टुडिओंनी गराडा घातलाय; एके काळी आंबोली, मरोळ, चकाला ही भातशेतीची गावं होती. गावठाणात कौलारू घरं, वाटेवर क्रूस, त्यावर झेंडूची माळ आणि घराघरांत मराठी. इथल्या ख्रिस्ती लोकांनी 1887 मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं, त्यामागे एक काळजीही होती. गोवा-मंगळुरूहून येणारे स्वधर्मीय नोकऱ्यांत वाटेकरी होत होते; आपण इथले मूळचे, हे सांगणं गरजेचं वाटत होतं. हे मुद्दाम आठवायचं, कारण एकाच देवळात गुडघे टेकणाऱ्यांनाही परका माणूस परकाच वाटतो. परक्याला घरात घ्यावं ही मत्तयच्या शुभवर्तमानातली शिकवण पाठ असली, तरी ती अंगवळणी पाडून घ्यावी लागते.

सेंट कॅथरिन्स या अनाथ मुलांच्या घरात मदर ॲना ह्युबर्टा रोगेनडॉर्फ काम करत होत्या. त्या मूळच्या जर्मनीतल्या मेशेर्निखच्या. 1942 मध्ये त्यांनी अंधेरीतच ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा भगिनीसंघ सुरू केला. साल ध्यानात घ्यायला हवं. त्यांचा मायदेश आणि इथलं ब्रिटिश सरकार तेव्हा एकमेकांशी लढत होते, आणि शत्रुराष्ट्रातली ही बाई आपल्याकडची पोरकी लेकरं वाढवण्यासाठी माणसं जोडत होती. पुढे याच संघाच्या भगिनींनी वर्सोव्यात यारी रोडवर कुष्ठरुग्णांसाठी विमला डर्मेटॉलॉजिकल सेंटर चालवलं. कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये केली. औषधाने रोग हटला, तरी माणसाला घरातून तोडणारी भीती मागे राहिली. ती घालवायला जखम स्वतःच्या हाताने धुणारी माणसंच लागतात.

सेंट कॅथरिन्समधल्या मुलांची हकिकत बॉनच्या शिक्षिका रोझी गोलमान यांच्यापर्यंत पोचली. त्यांच्या धडपडीतून 1967 मध्ये अंधेरी-हिल्फे उभी राहिली. पुढे या संस्थेचं काम बांगलादेशात गेलं, दृष्टी गमावलेल्या गरिबांच्या शस्त्रक्रियांपर्यंत. आपल्या एका उपनगराचं नाव असं कुणाच्या तरी डोळ्यांतल्या उजेडाशी जोडलं गेलं आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे. त्याच 1967 साली पलीकडे अंधेरी पूर्वेला महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर धर्मभगिनींनी होली स्पिरिट हॉस्पिटल सुरू केलं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने येत होते, त्यांच्यामागून कामगार आणि त्यांच्या झोपड्या.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 1962 मध्ये सुरू झालेलं ‘स्नेहसदन’. स्पॅनिश येशूसंघीय फादर रिकार्डो फ्रान्सिस्को यांनी रेल्वे स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांसाठी ते उभारलं. घरातून पळालेली, हरवलेली, हाकललेली ही मुलं. त्यांच्यासाठी एक मोठी इमारत बांधून रांगेत खाटा टाकणं सोयीचं झालं असतं. स्नेहसदनाने वस्तीत छोटी छोटी घरं केली. प्रत्येक घरात एक जोडपं आई-बाबा म्हणून राहतं, थोडी मुलं त्यांच्यापाशी वाढतात, ज्याचा जो धर्म तो त्याच्याकडे राहतो. फादर प्लेसिडो फोन्सेका यांनी ही घरं पुढे कित्येक दशकं सांभाळली. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, हे तत्त्व आपल्या बाल न्याय कायद्यात 2015 मध्ये आलं. फलाटावरच्या मुलाला जेवू घालणं एक वेळ जमतं. रात्री ताट झाकून त्याची वाट पाहणं अवघड. ‘उशीर का झाला?’ असं विचारणारं माणूस असलं, की ते घर होतं.

वाट पाहणारं कुणीच नाही, अशा आणखी एका वर्गाकडे बेल्जियमच्या सिस्टर जीन डेव्होस यांचं लक्ष गेलं. 1985 मध्ये त्यांनी घरकामगार चळवळ सुरू केली. झारखंड, छत्तीसगढ, ओडिशातून मुंबईतल्या फ्लॅटमध्ये कामाला येणाऱ्या आदिवासी मुलींना जेवणखाण मिळे. सुट्टी, ठरलेला पगार आणि मानाने मारलेली हाक मिळतच असे असं नाही. दयेकडून हक्काकडे जाणारं हे वळण फार महत्त्वाचं होतं. घरकामगारांच्या अनेक संघटनांच्या लढ्यानंतर महाराष्ट्रात 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. चर्चची दारं मिस्सासाठी बंद झाली, पण अनेक पॅरिशमधून शिधा आणि शिजवलेलं अन्न बाहेर जात राहिलं. तेव्हा गावाकडे पायी निघालेले मजूर पाहताना एक गोष्ट लख्ख झाली. त्यांना या शहरात काम होतं, खोली होती, आधार कार्डही होतं. ‘थांब, जाऊ नकोस,’ म्हणणारं माणूस मात्र बहुतेकांना नव्हतं.

मागे वळून पाहिलं की जाणवतं, ही दारं उघडणारे बरेचसे स्वतःच दूरदेशीहून आलेले होते. जर्मन, स्पॅनिश, बेल्जियन. अनोळखी गावात पहिल्या रात्री काय वाटतं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. आता ही कामं बहुतांशी भारतीय भगिनी, फादर आणि कार्यकर्ते पाहतात. आणि आपण? अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा कोकणातून किंवा घाटावरून एक ट्रंक घेऊन आले, कुणाच्या तरी चाळीतल्या खोलीत पथारी टाकून राहिले. त्यांच्यासाठीही कुणीतरी ताट झाकून ठेवलं होतं.