आपल्याच अक्षांशावरचे ८२ देवमासे

१३,०४६ किलोमीटर. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाजवळ २०१३ साली फोटोत टिपलेला एक हंपबॅक देवमासा २०२२ मध्ये आफ्रिकेच्या पूर्वेला, झांझिबारजवळ पुन्हा दिसला. त्या दोन जागांमधलं हे पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं सरळ, कमीत कमी अंतर; प्रत्यक्ष समुद्रमार्ग याहून लांबच. ८,३०० किलोमीटर: अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पापासून मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकापर्यंत याच जातीच्या देवमाशांची एका बाजूची वाट. २२,५११ किलोमीटर: ‘वार्वरा’ नावाच्या ग्रे देवमाशाच्या मादीने रशियाच्या साखालीन बेटापासून मेक्सिकोपर्यंत जाऊन परत येताना १७२ दिवसांत कापलेलं अंतर.

आता चौथा आकडा. दीड हजार किलोमीटरच्या थोडं पुढे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या मसिरा आखातात ‘लुबान’ नावाच्या हंपबॅक मादीला सॅटेलाइट टॅग लावला गेला. पुढच्या काही आठवड्यांत ती अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली आणि तिथून भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली. अंटार्क्टिकाच्या वाटेपुढे हे अंतर पाचव्या हिश्श्याहूनही कमी, तरी अभ्यासकांना त्याचं अप्रूप वाटलं. ओमानजवळचा हंपबॅक भारताच्या किनाऱ्याशी येतो, याचा तो पहिला थेट पुरावा होता.

रावेरच्या वाचकाने नकाशा काढून पाहावा. रावेर साधारण २१.२ उत्तर अक्षांशावर आहे, मसिरा २०.५ च्या आसपास. आपल्या गावातून सरळ पश्चिमेला रेघ ओढली, तर साधारण अठराशे किलोमीटरवर ती या देवमाशांच्या घराच्या जरा उत्तरेने जाते. जगातले बाकीचे हंपबॅक दरवर्षी ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जातात. हे जात नाहीत. ते बारा महिने अरबी समुद्रातच असतात, आणि इतकं बैठं राहणारा हंपबॅकांचा असा दुसरा समूह माहीत नाही.

बाकीचे का जातात, हे आधी पाहू. त्यांचा हिशोब दोन पत्त्यांचा आहे. उन्हाळ्यात ध्रुवाजवळच्या पाण्यात क्रिल आणि लहान मासे मुबलक असतात, तिथे पोट भरायचं. हिवाळ्यात उबदार पाण्यात येऊन पिल्लं जन्माला घालायची आणि तेवढे महिने बव्हंशी अंगातल्या चरबीवर काढायचे. गर्भारपण ११ ते १२ महिन्यांचं, त्यामुळे वर्षाचं चक्र चपखल बसतं. थंड पाण्यात किती खाणं होतं, हे २०२१ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं. ३२१ देवमाशांच्या अंगावर टॅग लावून काढलेला हा हिशोब आहे, आणि त्यानुसार मोठा निळा देवमासा दिवसाला १६ टन क्रिल गिळतो. एवढ्या अन्नासाठी आठ हजार किलोमीटरची पायपीट परवडते.

अरबी समुद्रातल्या हंपबॅकांना मात्र खाणं आणि वीण दोन्ही एकाच पत्त्यावर मिळतं, आणि ते मोसमी वाऱ्यामुळे. जून ते सप्टेंबर या काळात सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर असा जोराचा वारा वाहतो. १९६९ साली फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. हा वारा वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो, आणि त्याच्या जागी खालचं थंड, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, मग क्रिल, मग तारली-बांगड्यासारखे मासे. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ थंड पाण्याचं ताट आयतं वाढलं जातं. तोच वारा पुढे बाष्प घेऊन आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतो. खानदेशाच्या सातशेच्या आसपास मिलिमीटर पावसात बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा वाटाही मोठा असतो, हे खरं. पण मोसमी वारा बिघडला तर रावेरच्या केळीला बसणारा फटका ओमानजवळच्या देवमाशालाही दुसऱ्या वाटेने बसणार, एवढं नक्की म्हणता येतं.

हा समूह किती वेगळा पडला आहे, ते आनुवंशिक अभ्यासातून २०१४ साली पुढे आलं: सुमारे ७०,००० वर्षं. शेजारच्या मादागास्करकडचे हंपबॅक दक्षिण गोलार्धाच्या चक्राने चालतात, त्यांचा विणीचा हंगाम जुलै ते सप्टेंबरचा. अरबी समुद्रातल्यांचा जानेवारीच्या पुढे-मागे. सहा महिन्यांचा फरक पडल्यावर सोयरीक जुळणार कशी?

आता शीर्षकातला ८२ चा आकडा, म्हणजे या समूहातल्या देवमाशांची संख्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अंदाज आहे, आणि त्याची खालची-वरची मर्यादा ६० ते १११ अशी. म्हणजे ‘८२’ असं ठामपणे वाचू नये, ‘साठ ते एकशे दहा’ असं वाचावं. एवढ्या समुद्रात देवमासे मोजले कसे? हंपबॅकच्या शेपटीची खालची बाजू प्रत्येकाची वेगळी असते. काळ्या-पांढऱ्या खुणा, खाचा, ओरखडे. लुबानच्या शेपटीवर तर लोबानाच्या झाडासारखी आकृती होती, नाव त्यावरूनच पडलं. समजा, एका हंगामात ३० देवमाशांचे फोटो मिळाले. पुढच्या हंगामात पुन्हा ३० मिळाले, आणि त्यांतले ११ आधीच्याच यादीतले निघाले. तर एकूण संख्या ३० गुणिले ३० भागिले ११, म्हणजे साधारण ८२. (ही रीत समजावी म्हणून घेतलेली कल्पित आकडेमोड आहे, प्रत्यक्ष अभ्यासातली गणितं याहून बरीच गुंतागुंतीची होती.) जुने चेहरे पुन्हा पुन्हा दिसू लागले, की समजायचं गाव लहान आहे.

गाव इतकं लहान का राहिलं, याचं मोठं उत्तर शीतयुद्धाच्या काळात आहे. १९६५-६६ मध्ये, मुख्यतः १९६६ च्या नोव्हेंबरात, सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात २४२ हंपबॅक मारले. ते बेकायदा होतं, आणि अधिकृत नोंदीत लपवलं गेलं. १९९० च्या दशकात माजी सोव्हिएत शास्त्रज्ञांनीच खरे आकडे बाहेर काढले. आज उरलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट देवमासे दोन वर्षांत संपले. संपूर्ण विसाव्या शतकात जगभर मारलेल्या मोठ्या देवमाशांचा आकडा सुमारे २९ लाख आहे, त्यात हे २४२ कुठेच दिसत नाहीत. पण टक्केवारी काढताना छेद कोणता घेतला, हे आधी विचारावं.

त्या कत्तलीने एक माहितीही मागे ठेवली. नोव्हेंबरात कापलेल्या या देवमाशांच्या पोटात अन्न होतं, आणि गर्भांच्या मापांवरून विणीचं चक्र उत्तर गोलार्धाचं आहे, हे कळलं. ओमान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य किनारा, अशा तिन्ही ठिकाणी शिकार झाली होती. म्हणजे लुबान येण्याच्या पन्नास वर्षं आधीही हे देवमासे गुजरातसमोरच्या पाण्यात होते.

मागोवा घेण्याची पद्धतही तेव्हापासून बदलली. पूर्वी अंटार्क्टिकात ‘डिस्कव्हरी मार्क’ नावाची वीतभर लांबीची धातूची नळी बंदुकीने देवमाशाच्या अंगात मारत. तिच्यावर क्रमांक असे. ती परत मिळायची केव्हा, तर तो देवमासा मारून कापला जाईल तेव्हा. प्रवासाचे फक्त दोन बिंदू मिळत, आणि दुसरा बिंदू म्हणजे मरण.

आजचा टॅग पाठीवर बसतो आणि देवमासा श्वासाला वर आला की ‘आर्गोस’ यंत्रणेच्या उपग्रहाला संदेश पाठवतो. पाण्याखालून रेडिओलहरी जात नाहीत, म्हणून ते वर येणंच महत्त्वाचं. उपग्रह साडेआठशे किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून फिरतात, दिवसाला प्रत्येकी सुमारे १४ फेऱ्या. ध्रुवाजवळच्या देवमाशाला एक उपग्रह प्रत्येक फेरीत दिसतो, म्हणजे दिवसात १४ वेळा. विषुववृत्ताजवळ तोच तीन-चारदा. बर्फातल्या देवमाशाची वाट जितकी बारकाईने काढता येते, तितकी आपल्या समुद्रातल्याची काढता येत नाही, याचं एक कारण हे भूमितीचं आहे. पैशाचं कारण वेगळंच.

२०१४ ते २०१७ या काळात ओमानमध्ये टॅग लावलेले हंपबॅक दीड डझनाहूनही कमी. त्यांतली लुबान तेवढी समुद्र ओलांडून आली. यावरून ‘बहुतेक देवमासे ओमान सोडत नाहीत’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण गणित करून पाहा. समजा, दर दहांत एक देवमासा भारताकडे येतो. तरी १२ टॅग लावून असा एकही न सापडण्याची शक्यता २८ टक्के उरते. टॅगवाल्यांत नर जास्त होते, लुबान मादी होती, आणि ही बाब तर आकडा आणखीच डळमळीत करते. माझ्या मते या टप्प्यावर टक्केवारी न सांगणंच शहाणपणाचं.

टॅगपेक्षा स्वस्त मार्ग कानाचा आहे. हंपबॅकचे नर गातात, आणि पाण्याखालचा मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन, ते टिपतो. गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ मार्च २०१७ मध्ये अशी गाणी नोंदली गेली, लुबान येण्याच्या आठेक महिने आधी. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ २०१८ च्या अखेरीपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत केलेल्या नोंदींत निळ्या देवमाशाची गाणी एप्रिल-मेच्या सुमारास ठळक ऐकू आली. आर्क्टिकमध्येही भारताने २०१४ साली कॉंग्सफ्योर्ड या खाडीत १९२ मीटर खोलीवर ‘इंडआर्क’ ही वेधशाळा बुडवून ठेवली आहे. ध्रुवाजवळ कायम यंत्र ठेवणारा देश आपल्या किनाऱ्यावरही ते ठेवू शकतो.

किनाऱ्यावर हे जास्त गरजेचं आहे, कारण आपली पाहणी ऋतूंनी तुटलेली आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, ६१ दिवस यांत्रिक होड्या समुद्रात नसतात. देवमासा पाहणारे डोळे मुख्यतः कोळ्यांचे, त्यामुळे पावसाळ्यात नोंदींचा तक्ता जवळजवळ रिकामा राहतो, आणि देवमासा नव्हता की पाहणारा नव्हता हे वेगळं करता येत नाही. २०१५ च्या २४ जूनला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ४२ फुटी निळा देवमासा लागला. तो लागला नसता, तर त्या महिन्यात तो कोकणासमोर होता हे कुणाला कळलंच नसतं.

आणि ८२ च्या आकड्यात एक गृहीतक दडलेलं आहे. तो ओमानच्या बाजूच्या फोटोंवरून काढलेला आहे. भारताकडे येणारे देवमासे जर ओमानच्या कॅमेऱ्यांसमोर कधीच येत नसतील, तर अरबी समुद्रातली खरी संख्या ८२ हून जास्त आहे, आणि ती चांगली बातमी. पण तेच देवमासे दोन्ही किनारे फिरत असतील, तर संख्या तेवढीच राहते आणि ओमानची जाळी, आपली जाळी, मुंबई-कांडल्याची जहाजं असा सगळा धोका त्याच साठ ते एकशे दहा जणांवर पडतो. यातलं कोणतं खरं, हे ठरवायला भारताच्या बाजूने काढलेले शेपटीचे फोटो लागतील. ते ओमानच्या यादीशी ताडून पाहायचे आहेत.