डीस्पेस सुरूच होत नाहीये? एरर खालून वर वाचा

शोधगंगा ही साइट तुम्ही कधी ना कधी उघडली असेल. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे मोफत वाचायला मिळतात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं आणि त्यामागे आहे डीस्पेस नावाचं सॉफ्टवेअर. एमआयटीची लायब्ररी आणि एचपी लॅब्स यांनी मिळून ते २००२ मध्ये आणलं. जावात लिहिलेलं आणि फुकट. म्हणून कितीतरी कॉलेजांच्या लायब्रऱ्याही आपले प्रबंध आणि जुने अंक यातच ठेवतात.

आता होतं असं, की कुणीतरी अपग्रेड करतं, सर्व्हर रिस्टार्ट करतं आणि साइट उठतच नाही. ब्राउझरमध्ये ४०४. टॉमकॅटच्या लॉगमध्ये 'वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट' एवढंच. डीस्पेसचा स्वतःचा लॉग उघडावा तर 'एरर क्रिएटिंग बीन' पासून सुरू होणाऱ्या शेकडो ओळी. इथे भलेभले घाबरतात.

हे बीन प्रकरण काय आहे?

लग्नाच्या भटारखान्यातला आचारी स्वतः बाजारात जात नाही. तो यादी देतो, सामान त्याच्यापुढे आणून ठेवणारा वेगळा असतो. डीस्पेसमध्ये हे सामान पुरवायचं काम स्प्रिंग करतं. प्रोग्रामचा प्रत्येक भाग म्हणजे एक बीन. त्याला काय काय लागतं ते तो सांगतो आणि स्प्रिंग ते आणून देतं. यालाच डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात.

ही जुळवाजुळव साइट सुरू होतानाच होते. गॅस आला नाही तर आचारी थांबतो, आचारी थांबला की पंगत थांबते. लॉगमध्ये सगळ्यात वर तक्रार असते पंगतीची! सर्च चालवणारा भाग तयार झाला नाही, असं तिथे लिहिलेलं असतं आणि लोक तासन्‌तास सर्चच्या सेटिंग्ज तपासत बसतात. त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नसतो.

म्हणून शेवटचं 'कॉज्ड बाय' शोधा. एररच्या साखळीत हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, प्रत्येक वेळी एक पायरी खाली. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा शेवटच्या पायरीवर सापडतो.

तिथे 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसलं तर पोस्टग्रेस डेटाबेस बंद आहे किंवा पत्ता चुकलाय. पासवर्डची तक्रार असेल तर लोकल डॉट सीएफजी ही फाइल बघा. 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' म्हणजे सर्व्हरवरचं जावा जुनं आहे. त्या ओळीत आकडा असतो: ५५ म्हणजे जावा ११ हवं, ६१ म्हणजे जावा १७. 'नो सच बीन डेफिनिशन' म्हणजे मागितलेली वस्तू कोणत्याच यादीत नाही. आणि 'क्लास नॉट फाउंड' आला तर जुन्या कॉन्फिगरेशनवर संशय घ्या.

अपग्रेडनंतर सगळ्यात जास्त नडतं ते हेच. कॉन्फिग फोल्डरमधल्या स्प्रिंगच्या एक्सएमएल फाइल्स म्हणजे या सामानाच्या याद्या. आपण केलेले बदल जाऊ नयेत म्हणून जुनी डिस्कव्हरी डॉट एक्सएमएल उचलून नव्या आवृत्तीत टाकली जाते. त्या यादीत अशा क्लासची नावं असू शकतात जे नव्या आवृत्तीत उरलेलेच नाहीत. एक नाव सापडलं नाही की अख्खी साइट आडवी. उपाय कंटाळवाणा आहे: नवी कोरी फाइल घ्यायची आणि आपले बदल एकेक करून तिच्यात लिहायचे.

पण या सगळ्यात प्रबंध गेले का? नाही. पीडीएफ असेटस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये असतात, लेखक-शीर्षकाची माहिती पोस्टग्रेसमध्ये. जुळवाजुळव फसली म्हणून यातलं काही पुसलं जात नाही.

धोका असतो तो घाईत केलेल्या उपायांचा. 'डीस्पेस डेटाबेस टेस्ट' आणि 'डीस्पेस डेटाबेस इन्फो' या कमांड बिनधास्त चालवा, त्या फक्त तपासून सांगतात. 'डीस्पेस डेटाबेस क्लीन' मात्र नावावरून साफसफाई वाटली तरी सगळा डेटाबेस रिकामा करते. म्हणूनच ती मुळात बंद ठेवलेली असते. कुणी ती सुरू करायला सांगितलं, तर आधी बॅकअप कुठे आहे ते विचारा.