पोळी कमी केली, भाजीचे काय?

मधुमेह, वाढते वजन किंवा यकृतात साठलेली चरबी यांपैकी एखाद्या कारणाने पोळी, भात, बटाटा आणि साखर कमी करण्याचा सल्ला आज देशातील असंख्य घरांत पोहोचला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे नोंदवले. याच पाहणीतील आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, असे त्यांत आढळले. तेव्हा कर्बोदके कमी करण्याच्या सल्ल्याला आधार आहे, यात शंका नाही. मात्र ताटातून पोळी काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागी काय यावे, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ज्यांना मुळातच भाज्या आवडत नाहीत, त्यांच्या ताटात तेथे पनीर, अंडी, शेंगदाणे किंवा मांस येते आणि भाजी पूर्वीपेक्षाही कमी होते.

असे होण्यामागे आपल्या जेवणाची रचनाच कारणीभूत आहे. आपल्याकडे पोळी, भाकरी किंवा भात हे मुख्य अन्न आणि भाजी हे त्याचे तोंडीलावणे. न आवडणारी भाजी पोळीच्या घासात दडवता येते किंवा आमटी-भातात कालवून कशीबशी खाता येते. धान्य बाजूला झाले की ही आडोशाची सोय संपते. चार घासांना पुरणारी भाजी वाटीभर खावी लागते आणि तिचा कडूपणा, बुळबुळीतपणा किंवा वास उघडा पडतो. त्यातच भाज्यांना नाक मुरडणाऱ्या बहुतेकांना चालणाऱ्या भाज्या म्हणजे बटाटा, मटार आणि मक्याचे दाणे. या आहारात नेमक्या त्याच वर्ज्य किंवा मर्यादित ठरतात.

भाजी किती खावी, याचे उत्तर स्पष्ट आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार, दिवसाला २००० उष्मांकांचा आहार घेणाऱ्या व्यक्तीने पालेभाज्या धरून ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत. जागतिक आरोग्य संघटना फळे व भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅमचा आग्रह धरते आणि त्यात बटाट्यासारख्या पिष्टमय कंदांची गणना करत नाही. हे वजन कच्च्या भाजीचे आहे. पालकाची मोठी जुडी शिजल्यावर वाटीभरच उरते, हे स्वयंपाक करणाऱ्यास सांगावयास नको.

एवढी भाजी खाल्ली तर कर्बोदके वाढणार नाहीत का, अशी शंका अनेकांना येते. याच संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक कोष्टकांत ५२८ खाद्यपदार्थांचे पृथक्करण दिले आहे. त्यावरून असे दिसते की तंतुमय भाग वगळल्यास पालक, फ्लॉवर आणि दुधी यांच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम दोन ग्रॅम, तर भेंडीत साडेतीन ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. बटाट्यात हेच प्रमाण सुमारे १५ ग्रॅम आहे. या चारही भाज्या प्रत्येकी १०० ग्रॅम खाल्ल्या, म्हणजे दिवसाचा पूर्ण वाटा घेतला, तरी एकूण कर्बोदके दहा ग्रॅमच्या घरात राहतात. मध्यम आकाराच्या एका पोळीत १५ ते २० ग्रॅम असतात. अर्थात दिवसभराची सारी भाजी कर्बोदकांच्या हिशेबात एका पोळीचीही बरोबरी करत नाही. उलट त्या भाजीतून सुमारे १२ ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवलेल्या किमान २५ ग्रॅमच्या गरजेचा हा जवळपास निम्मा भाग होय.

कमी कर्बोदकांच्या आहाराची एकच सर्वमान्य व्याख्या नाही. साधारणतः दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहारास हे नाव दिले जाते. 'कीटो' म्हणून ओळखला जाणारा प्रकार त्याहून कडक असून त्यात ही मर्यादा २० ते ५० ग्रॅमवर येते. हा आहार मुळात वजन घटवण्यासाठी नव्हे, तर १९२० च्या दशकात अपस्माराच्या रुग्णांसाठी अमेरिकेत योजला गेला, ही गोष्ट आज बरेच जण विसरले आहेत. या कडक मर्यादेतही वर दिलेल्या भाज्या बसतात. बसत नाहीत ते बटाटा, रताळे, सुरण, मटार आणि मका. गाजर, बीट आणि कांदा यांचे स्थान मधले आहे. ते थोडे चालतात, वाटीभर नाही.

भाजी टाळली तर पहिली तक्रार बहुधा पोटाची येते. धान्य आणि डाळी कमी झाल्याने त्यांतील चोथा जातो, भाजीचाही नसेल तर बद्धकोष्ठ ठरलेला. इसबगोलाने ती अडचण काहीशी दूर होते. परंतु फोलेट, क जीवनसत्त्व, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांची उणीव इसबगोल भरून काढत नाही.

येथवर सारे पटले तरी भाजी घशाखाली उतरत नाही, ही खरी अडचण आहे. 'भाज्या आवडत नाहीत' या तक्रारीत प्रत्यक्षात तीन-चार निरनिराळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. नेमके काय आवडत नाही, चव, वास की जिभेला होणारा स्पर्श, हे ओळखले तर उपाय बरेचदा स्वयंपाकघरातच सापडतो.

कडू चवीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या अमेरिकी रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाच्या रसायनाची भुकटी हवेत उडाली. सहकाऱ्याला ती अतिशय कडू लागली, फॉक्स यांना मात्र तिची चवच जाणवली नाही. हा भेद आनुवंशिक असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि त्याच्याशी संबंधित जनुकही सापडले. कोबी-मोहरीच्या कुळातील भाज्यांत या रसायनाशी साम्य असलेली द्रव्ये असतात. त्यामुळे एकाच ताटातील कोबी दोघा भावंडांना सारखा लागेलच असे नाही. नावडीला 'नखरे' म्हणून हिणवण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

कडूपणावरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे मीठ. मीठ कडू चव दडपते आणि त्यामुळे इतर चवी पुढे येतात, हे १९९७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून, अर्ध्या तासाने घट्ट पिळून घेण्याची आपल्याकडची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. तीत कडू रसही निघून जातो. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र पिळलेल्या भाजीत पुन्हा मीठ घालू नये. खोबरे, दाण्याचे कूट, तीळ किंवा लोणी यांतील स्निग्धांशानेही कडूपणा सौम्य होतो. मेथी भरपूर लसूण आणि दाण्याच्या कुटासह परतली तर ती खाणारे बरेच निघतात.

कोबी आणि फ्लॉवर यांची तक्रार बहुधा वासाची असते. या भाज्यांतील गंधकयुक्त द्रव्ये शिजवताना मोकळी होतात आणि भाजी जितका वेळ शिजत राहील तितका वास वाढत जातो. झाकण ठेवून, पाणी घालून मऊ केलेला कोबी आणि मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे परतलेला करकरीत कोबी या जणू दोन वेगळ्या भाज्या आहेत. फ्लॉवरचे तुरे तेल लावून तव्यावर किंवा भट्टीत कडा तपकिरी होईपर्यंत भाजले की वास जाऊन गोडसर, खमंग चव येते. तोच फ्लॉवर जाडसर किसून, मोहरी, कढीपत्ता, हळद आणि लिंबू यांवर परतला तर फोडणीच्या भाताची आठवण देतो. तो भात नव्हे, हे खाणाऱ्याला कळतेच. तरीही ताटातील भाताची जागा भरल्याचे समाधान मिळते, आणि भात सोडलेल्या माणसाला ते थोडे नसते.

भेंडीचा दोष म्हणजे तार. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी केल्यावरच चिरावी, पसरट कढईत झाकण न ठेवता परतावी आणि आमसूल किंवा आमचूर घालावे. आंबटाने तार मोडते. मीठ शेवटी घातले तर पाणी सुटत नाही. दुधी, दोडका, पडवळ यांच्याविषयीची तक्रार नेमकी उलटी असते. या भाज्या मिळमिळीत आणि पाणचट लागतात. दुधी किसून वाफवावा, पिळून दह्यात मिरचीच्या फोडणीसह कालवावा, म्हणजे त्याचा लगदा जाणवत नाही. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून कुरकुरीत परतलेली चटणी तर भाजी म्हणून कोणी ओळखतही नाही.

शिजलेल्या मऊ भाजीचा स्पर्शच ज्यांना सहन होत नाही, त्यांना अनेकदा कच्ची, करकरीत भाजी चालते. खमंग काकडी, मुळ्याची किंवा कोबीची कोशिंबीर, टोमॅटो, ढोबळी मिरची हे त्यांचे मार्ग. फक्त काकडीवर विसंबून राहू नये. तिच्यात सुमारे ९५ टक्के पाणीच असते.

भाजी आवडत्या पदार्थात मिसळणे हाही मार्ग आहे. अंड्याच्या पोळ्यात बारीक चिरलेला पालक, पनीरच्या भुर्जीत ढोबळी मिरची, खिम्यात मेथी. या आहारात अंडी, पनीर व मांस यांना मुभा असल्याने पोळीचा गेलेला आडोसा तेथे परत मिळतो. मात्र पोळ्यात चिमूटभर कोथिंबीर घालून भाजी खाल्ल्याचे समाधान मानू नये. दोन अंड्यांत शंभर ग्रॅम पालक सहज सामावतो.

निरनिराळ्या प्रांतांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शेजारच्या स्वयंपाकघरातूनही बरेच घेता येईल. तामिळनाडूचे पोरियल आणि केरळचे तोरण हे या दृष्टीने आदर्श म्हणावे असे पदार्थ आहेत. भाजी अगदी बारीक चिरलेली, पाणी नाही, पीठ नाही, वर मोहरीची फोडणी आणि ओले खोबरे. याउलट गुजरातचा उंधियो चविष्ट खरा, पण कंद, रताळी, बटाटे आणि मुठिये यांमुळे या आहारात बसणारा नाही. बाजारात नावांचा घोळही होतो. दिल्लीत दुधीला घिया किंवा लौकी आणि दोडक्याला तोरी म्हणतात. हैदराबादेत 'दोंडकाया' मागितल्यास दोडका नव्हे, तर तोंडली मिळतात. घोळ झाला तरी नुकसान नाही, तोंडलीही या आहारात चालतात.

काही चोरवाटा मात्र मराठी स्वयंपाकातच आहेत. पीठ पेरून केलेल्या भाजीत दोन मोठे चमचे बेसन पडले की सुमारे दहा ग्रॅम कर्बोदके आली. पाच ग्रॅम गुळाच्या खड्यात चार ग्रॅमहून अधिक साखर असते. हे पदार्थ निषिद्ध नाहीत, पण हिशेबात धरावयास हवेत. भाजी चावण्याऐवजी तिचा रस गाळून पिण्याची प्रथाही फारशी उपयोगाची नाही, कारण बराचसा चोथा चाळणीतच राहतो. दुधीच्या रसाबाबत तर विशेष सावध राहिले पाहिजे. कडू दुधीत विषारी द्रव्ये असतात आणि अशा रसामुळे देशात मृत्यूही घडले आहेत. दुधी चिरताना तुकडा चाखावा. कडू लागल्यास टाकून द्यावा. कारल्याप्रमाणे येथे कडूपणा औषधी मानण्याची चूक करू नये.

सर्व भाज्या आवडल्याच पाहिजेत, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. एक पालेभाजी, कोबी-फ्लॉवरपैकी एक, एखादी फळभाजी आणि एक कच्ची भाजी अशा चार भाज्या निभावता आल्या तरी ४०० ग्रॅमचा पल्ला गाठता येतो. पाचवी भाजी हळूहळू आणता येते. लहान मुलांवरील संशोधनात असे दिसून आले आहे की नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी तो आठ-दहा किंवा त्याहून अधिक वेळा चाखावा लागू शकतो. मोठ्या माणसांनीही दोन घासांवरून कायमचा निकाल देऊ नये, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. मुलांना मात्र वैद्यकीय देखरेखीशिवाय कमी कर्बोदकांचा आहार देऊ नये. गर्भवतींनीही तो स्वतःच्या विचाराने सुरू करू नये.

औषधे घेणाऱ्यांनी आहार बदलण्याआधीच डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांची मात्रा तीच ठेवून कर्बोदके एकदम कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एम्पाग्लिफ्लोझिन, डॅपाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्यांसोबत अतिशय कमी कर्बोदकांचा आहार घेतल्यास, साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तातील आम्ल वाढण्याचा गंभीर धोका संभवतो. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू किंवा घटवू नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्व या औषधाच्या परिणामात बदल घडवते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना तर भाज्यांतील पोटॅशियमचाही विचार करावा लागतो आणि कोणती भाजी किती, हे त्यांच्यासाठी आहारतज्ज्ञच ठरवू शकतात.

काही थोड्या व्यक्तींची नावड याहून खोल असते. मोजके तीन-चार पदार्थच खाता येणे, नव्या पदार्थाच्या केवळ वासाने किंवा स्पर्शाने उमासे येणे, त्यामुळे वजन घटणे किंवा रक्तक्षय होणे, असे घडत असल्यास तो हट्ट समजू नये. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या नियमावलीत या अवस्थेला स्वतंत्र विकाराचे स्थान दिले असून तिच्यावर उपचार उपलब्ध आहेत. अशा व्यक्तीने आणखी पदार्थ वगळणारा कोणताही आहार सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.