दहावा कॉर्नर होणार का? येस की नो?

शनिवार रात्रीची मॅच. ८२ वं मिनिट, स्कोअर १-१. अशा वेळी तुम्ही काय बघत असता? गोल होतो का ते. पण त्याच क्षणाला कुणीतरी भलतंच मोजत बसलेलं असतं. नऊ कॉर्नर झालेत, दहावा होणार का? कोण जिंकतंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. त्याचे पैसे कॉर्नरवर लागलेत.

आणि याला तो बेटिंग म्हणत नाही बरं का. तो म्हणतो, ‘ट्रेड’. या एका शब्दावरून सध्या अमेरिकेत कोर्टकचेऱ्या सुरू आहेत.

त्या बाजाराचं नाव प्रेडिक्शन मार्केट. प्रश्न एक, उत्तरं दोन. ‘या मॅचमध्ये १० किंवा जास्त कॉर्नर होतील का?’ समजा ‘येस’चा भाव ५५ सेंट आहे. दहा कॉर्नर झाले तर तुमच्या हातात एक डॉलर, नाही झाले तर भोपळा. ५५ सेंट म्हणजे बाजाराच्या मते शक्यता ५५ टक्के. मॅच पुढे सरकते तसा भाव हलतो, आणि मधेच विकून बाहेरही पडता येतं. दिसायला अगदी शेअर बाजार.

हे वाचताना तुमच्यापैकी काहींना प्रोबो आठवलं असेल. बरोबर आठवलं. तिथे डॉलरऐवजी दहा रुपये होते, एवढाच फरक. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच, आधी अमेरिकेत जाऊन येऊ.

तिथे २०१८ साली सुप्रीम कोर्टाने स्पोर्ट्स बेटिंगवरची केंद्रीय बंदी उठवली आणि निर्णय प्रत्येक राज्यावर सोडला. राज्यांनी लायसन्स दिली, टॅक्स लावला (न्यूयॉर्कमध्ये तर ऑनलाइन कंपन्यांच्या कमाईवर ५१ टक्के!) आणि बहुतेक ठिकाणी वयाची अट ठेवली २१. मग जानेवारी २०२५ मध्ये कालशी नावाच्या कंपनीने स्पोर्ट्सचे ‘कॉन्ट्रॅक्ट’ आणले. त्यांचं म्हणणं, आम्ही बुकी नाही, आम्ही एक्स्चेंज आहोत. आमच्यावर देखरेख राज्यांची नाही, सीएफटीसीची. ही सीएफटीसी म्हणजे गहू, कापूस, कच्चं तेल यांच्या वायद्यांवर लक्ष ठेवणारी केंद्रीय संस्था. ते मान्य केलं की राज्यांचं लायसन्स नको, जुगारावरचा टॅक्स नको, आणि वयाची अट थेट १८ वर. कॉलेजचं पहिलं वर्षसुद्धा गिऱ्हाईक! नेवाडा, न्यू जर्सी, मेरीलँड या राज्यांनी कंपनीला ‘थांबा’ अशा नोटिसा धाडल्या, मॅसॅच्युसेट्सने केस केली. कोर्टांचे निकालही एका सुरात आलेले नाहीत.

आता यातला कॉर्नर बघा, कारण खरी गोम तिथे आहे.

कॉर्नर कधी मिळतो? बचाव करणाऱ्या टीमच्या खेळाडूला लागून चेंडू त्याच्याच गोललाइनबाहेर गेला, की. मोठ्या लीगमध्ये एका मॅचला साधारण दहा कॉर्नर होतात, म्हणून तर प्रश्न दहाच्या आसपास ठेवतात. मॅचचा निकाल फिरवायचा तर किती जण फोडावे लागतील? गोलकीपर, दोन डिफेंडर, कदाचित रेफरी. आणि एक कॉर्नर वाढवायला? एक फुलबॅक पुरे. दबावाखाली त्याने चेंडू बाहेर टोलावला तर कुणाला संशय येणार? उलट कॉमेंटेटर म्हणेल, सेफ खेळला.

हे काही हवेतलं बोलणं नाही. साउथॅम्प्टनचा स्टार मॅट ल टिसिए याने २००९ साली आत्मचरित्रात स्वतःच कबूल केलं होतं, की १९९५ मध्ये विम्बल्डनविरुद्धच्या मॅचमध्ये पहिला थ्रो-इन किती लवकर होतो यावर पैसे लागले होते आणि त्याने सुरुवातीलाच चेंडू बाहेर मारायचा बेत केला होता. फटका जरा कमी पडला, चेंडू मैदानातच राहिला आणि बेत फसला. बास्केटबॉलमध्ये २०२४ साली एनबीएने जॉन्टे पोर्टरला तहहयात बाहेर काढलं. तो दुखणं सांगून मॅचमधून लवकर बाहेर पडायचा, म्हणजे ‘याचे पॉइंट कमी होतील’ असं लावणाऱ्यांचा फायदा. घटना जितकी बारीक, तितकी ती विकत घेणं स्वस्त. बेसबॉलमध्ये तर एकेका चेंडूवरच्या बेटिंगचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेल्यावर २०२५ च्या शेवटी त्या बेटवर २०० डॉलरची मर्यादा घालावी लागली.

मजा म्हणजे सीएफटीसीच्या नियमात लिहिलेलंच आहे, की सहज हातचलाखी करता येईल असा कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंजने आणू नये. पण हे तपासतं कोण? बहुतेक वेळा एक्स्चेंज स्वतःच. ‘आमचा कॉन्ट्रॅक्ट नियमात बसतो’ असं स्वतःच प्रमाणित करून अर्ज टाकायचा की पुढच्या कामाच्या दिवशी व्यवहार सुरू करता येतात. गव्हाच्या वायद्याला हे ठीक असेल. सगळ्या देशाचं पीक एक माणूस पायाने बाहेर मारू शकत नाही.

‘पण मी फुटबॉल कोळून प्यायलोय, मला कळतं ना!’ हे तुमच्या तोंडावर आलंच असेल. कळत असेल, नाही कशाला म्हणू? पिछाडीवरची टीम शेवटी जोर लावते, कॉर्नर वाढतात, हे तुम्हाला माहीत आहे. अडचण अशी की ते भावालाही माहीत आहे. तुमच्यासमोर दुसरा कुणी होस्टेलवाला बसलेला नसतो. कालशीवर २०२४ पासून सस्क्वेहॅना ही वॉल स्ट्रीटवरची बडी ट्रेडिंग कंपनी उतरलेली आहे. आणि तुमचं स्ट्रीमिंग मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं. तुम्हाला कॉर्नर दिसतो तोवर भाव हललेला असतो. शिवाय साधं गणित करा: ‘येस’ ५५ ला आणि ‘नो’ ४८ ला मिळत असेल, तर दोन्हींची बेरीज १०३. मिळणार मात्र १००. वरचे तीन कुणाच्या खिशात जातात? वर फी वेगळी.

बारीक अक्षरातलं कलमही वाचा. बहुतेक बुकींच्या नियमात ‘मिळालेला’ कॉर्नर मोजत नाहीत, ‘मारलेला’ मोजतात. कॉर्नर मिळाला आणि तो मारायच्या आत शिट्टी वाजली, तर तो धरत नाहीत.

आता आपल्याकडे. कापसाचा उल्लेख वर आला तो उगाच नाही. मुंबईचा मटकासुद्धा कापसातूनच आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावावर आधी आकडा लागायचा; तिकडून भाव येणं थांबलं तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले. ओपन-क्लोज हे शब्द तेवढे राहिले. तेव्हा बाजाराच्या भाषेत जुगार बोलणं आपल्याला नवीन नाही.

प्रोबोसारख्या ‘ओपिनियन ट्रेडिंग’ ॲप्सबद्दल सेबीने एप्रिल २०२५ मध्ये सावध केलं होतं: हे आमच्या अखत्यारीत येत नाही, इथे गुंतवणूकदाराचं कुठलंही संरक्षण तुम्हाला मिळणार नाही. मग ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रोबोने पैशांचे खेळ बंद केले.

खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून व्हीपीएन लावून, क्रिप्टो भरून परदेशी साइटवर जायचा ‘जुगाड’ ग्रुपवर फिरतो. जिंकलेले पैसे अडकले तर दाद कुठे मागणार? सेबी म्हणेल आमचं नाही. सीएफटीसीला तुम्ही कोण ते माहीत नाही. मधे पैसे फिरवून देणाऱ्या टेलिग्रामवरच्या ‘एजंटभाऊ’चा नंबर तर त्या दिवशी हमखास बंद लागणार.

आणि एक गोष्ट फार जणांच्या लक्षात आलेली नाही. शिक्षा खेळणाऱ्याला नसली तरी जाहिरात करणाऱ्याला आहे: दोन वर्षांपर्यंत तुरुंग, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात म्हणजे फक्त क्रिकेटपटूने टीव्हीवर केलेली, असं कायदा म्हणत नाही. कुठल्याही माध्यमातून, सरळ किंवा आडून, कुणाला खेळायला उद्युक्त करणं त्यात येतं. तुमचा रेफरल कोड, स्टेटसला टाकलेला जिंकल्याचा स्क्रीनशॉट आणि खाली ‘लिंक बायोमध्ये’, हे त्यात बसतं की नाही, हे ठरवणारे तुम्ही नसाल.

पैसे अडकले किंवा फसवणूक झाली असेल तर सायबर हेल्पलाइन १९३०, जितक्या लवकर लावाल तितकं बरं. आणि मॅच संपल्यावरही हात आपोआप ॲपकडे जात असेल, झोप उडाली असेल, मित्रांकडून उसने घेणं सुरू झालं असेल, तर टेली-मानस १४४१६. मराठीतही बोलता येतं, आणि फोन फुकट आहे.