खुर्च्या रिकाम्या, पदवीधर दाराबाहेर

कारखान्यातून नाल्यात येणाऱ्या सांडपाण्याची बाटली कोणीही भरू शकतो. पण ती बाटली न्यायालयात पुरावा म्हणून टिकायची असेल, तर ती प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकार दिलेल्या माणसानेच भरावी लागते. १९७४च्या जल कायद्याने त्याची रीत ठरवून दिली आहे. आधी कारखान्याला नोटीस, मग त्याच्या प्रतिनिधीसमोर नमुन्याचे दोन भाग, दोन्हींवर मोहोर आणि सह्या, त्यानंतर प्रयोगशाळा. यातली एखादी पायरी चुकली तर प्रकरण कोलमडते. आणि हे काम करायला माणूसच नसेल तर प्रकरण उभेच राहत नाही.

देशात नेमकी हीच अडचण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२४मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे मांडलेल्या आकडेवारीनुसार राज्य मंडळे आणि केंद्रशासित प्रदेशांच्या समित्या मिळून ११,५६२ पदे मंजूर होती. त्यांतली ५,६७१ रिक्त होती. म्हणजे जवळपास निम्म्या खुर्च्या रिकाम्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि भोवतालच्या राज्यांना ही पदे ३० एप्रिल २०२५पर्यंत भरण्याचा आदेश दिला. मुदत उलटली तेव्हा राजधानीच्या प्रदूषण नियंत्रण समितीतली ५५ टक्के पदे रिकामीच होती. देशातल्या सर्वाधिक प्रदूषित महानगराची ही स्थिती.

दुसरीकडे, पर्यावरणशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्यांची कमी नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरण शिकवण्याचे निर्देश दिले आणि पुढे हा विषय सर्वदूर पोहोचला. आज महाराष्ट्रात मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या विद्यापीठांपासून आयआयटीपर्यंत पर्यावरणाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. ‘गेट’ परीक्षेतही २०२१पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. तरी पदवी हातात पडल्यावर अनेकांच्या वाट्याला येते ते सल्लागार संस्थेतले अहवाल जुळवण्याचे काम, प्रकल्प संपला की संपणारी संशोधन सहायकाची जागा किंवा अकरा महिन्यांचे कंत्राट.

रिकाम्या पदाची किंमत

केंद्रीय मंडळाच्या २०२२च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त आहेत. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या १३० शहरांपैकी १९ आपल्या राज्यातली आहेत. हे आकडे उपग्रहावरून मिळत नाहीत. ते मोजणाऱ्या हातांतून येतात.

सांडपाण्यातील सेंद्रिय घाण मोजण्याची बीओडी चाचणी घ्या. नमुना थंड ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो, मग २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून पाण्यातला किती प्राणवायू वापरला गेला ते पाहावे लागते. नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅमची. हवेचेही तसेच. हाताने चालवल्या जाणाऱ्या केंद्रावर आठवड्यातून दोनदा, चोवीस तास, म्हणजे वर्षाला किमान १०४ वेळा मोजणी अपेक्षित आहे. माणसे कमी पडली की आधी या फेऱ्या गळतात. मग वार्षिक सरासरी मूठभर दिवसांवर बेतली जाते, आणि ज्या आकड्यावर दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने भरवसा ठेवायचा तोच डळमळीत होतो.

यंत्रांनी हे काम होणार नाही का? मोठ्या कारखान्यांच्या चिमण्यांवर आणि सांडपाण्याच्या तोंडांवर चोवीस तास मोजणारी उपकरणे बसली आहेत. पण उपकरणाची जुळणी नीट आहे का, सांडपाणी त्याला वळसा घालून तर जात नाही ना, हे जागेवर जाऊनच कळते.

भरती अडते कुठे?

मंडळांना उद्योगांकडून संमतीपत्राचे शुल्क मिळते. त्यामुळे अडचण दरवेळी तिजोरीची नसते. पदनिर्मिती, सेवाप्रवेश नियम आणि भरती यांच्या फायली राज्य सरकारच्या विभागांतून फिरतात. तोवर निवृत्त होणाऱ्यांची जागा प्रभारी अधिकारी सांभाळतात आणि एका टेबलावर दोन-दोन कार्यालयांचा भार येतो.

दुसरी अडचण पदवीच्या नावाची. क्षेत्रावर जाणाऱ्या पदांसाठी बहुधा अभियांत्रिकीची पदवी मागितली जाते. विज्ञान शाखेच्या पदवीधरांसाठी प्रयोगशाळेतल्या मोजक्या जागा उरतात. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बसण्यासाठी पदवीला जे विषय चालतात, त्या यादीत वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र आहे, पर्यावरणशास्त्र नाही. म्हणजे विषय सक्तीचा केला, विभाग उघडले, पण नोकरीच्या नियमांत त्याचे नाव घालायचे राहून गेले.

नुसती संख्या पुरेशी नाही

माणसे वाढवली की प्रदूषण घटते का, याची तपासणी गुजरातमध्ये झाली आहे. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी अहमदाबाद-सुरतच्या शेकडो कारखान्यांवर प्रयोग केला. तिथे लेखापरीक्षक कारखानाच निवडत असे आणि पैसेही तोच देत असे. साहजिकच अहवालातले आकडे मर्यादेच्या किंचित आत येऊन बसत. काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठी काढून नेमले, मानधन एका सामायिक निधीतून दिले आणि त्यांच्या मोजणीची फेरतपासणी केली. अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. हे निष्कर्ष २०१३मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच गटाच्या २०१८च्या दुसऱ्या अभ्यासात काही कारखान्यांच्या तपासणी-फेऱ्या दुप्पट केल्या, तरी सरासरी प्रदूषणात फारसा फरक पडला नाही. कारण वाढीव फेऱ्या सरसकट वाटल्या होत्या; अधिकारी स्वतःच्या अंदाजाने मात्र सर्वांत घाणेरडे कारखाने अचूक हेरत होते. तात्पर्य, नजर तयार असलेला माणूस हवा, आणि तो तपासल्या जाणाऱ्याच्या पैशावर अवलंबून नसावा.

केंद्र सरकारने २०२५मध्ये पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम आणून नोंदणीकृत खासगी परीक्षकांना वाट मोकळी केली आहे. त्यातून काही पदवीधरांना काम मिळेल. पण परीक्षकाचा अहवाल वाचून शंका घेणारा, अचानक भेट देणारा आणि मोहोरबंद नमुना न्यायालयापर्यंत नेणारा अधिकारी मंडळातच लागेल. त्यासाठी नवा कायदा नको. सेवाप्रवेश नियमांत पर्यावरणशास्त्राच्या पदवीला स्थान, दरवर्षी ठरलेल्या महिन्यात भरती आणि प्रत्येक मंडळाच्या संकेतस्थळावर रिक्त पदांचा चालू आकडा, एवढे केले तरी सुरुवात होईल. शिकवायचा खर्च समाजाने आधीच केलेला आहे. त्या शिक्षणाला कामाला लावणे तेवढे बाकी आहे.