कॉगव्हील नव्हे, रॅचेट

ओपीडीत गर्दी असली की कोपराची तपासणी मी अर्ध्या मिनिटात उरकतो. रुग्णाला हात सैल सोडायला सांगायचं, एका हाताने त्याचं कोपर धरायचं, दुसऱ्याने मनगट, आणि हात सावकाश वाकवायचा, सरळ करायचा. निरोगी हात तेल घातलेल्या बिजागरीसारखा फिरतो. त्या दिवशी समोर बसलेल्या काकांचा उजवा हात मात्र थोडा सरकला, अडला, पुन्हा सरकला, पुन्हा अडला. शेजारी उभ्या असलेल्या इंटर्न मुलीला मी तो हात धरायला दिला आणि गेली पंचवीस वर्षं म्हणतोय तेच वाक्य म्हणालो, "जाणवतंय? ही कॉगव्हील रिजिडिटी. कॉगव्हील म्हणजे दातेरी चाक."

काकांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. आवाज बारीक होता, पण बोलले ठामपणे. "डॉक्टर, हे दातेरी चाक नाही. हे रॅचेट आहे."

काका 67 वर्षांचे. उभा जन्म लेथवर गेलेला. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. दातेरी चाकं एकमेकांत नीट बसलेली असतील तर ती धक्के देत नाहीत, गुळगुळीत फिरतात. त्याचसाठी तर दाते मोजूनमापून कापायचे. धक्का देणारी जोडी आमच्याकडे नापास व्हायची. रॅचेटचे दाते तिरके असतात, करवतीसारखे. त्यांच्यावर स्प्रिंगने दाबलेली एक खिट्टी असते. चाक फिरलं की खिट्टी दात्याच्या उतारावरून चढते आणि पुढच्या खाचेत पडते, कट्! पुन्हा चढते, पुन्हा कट्! उलटं फिरवायला गेलात तर खिट्टी दात्याला अडते आणि चाक जागच्या जागी थांबतं. "सायकल उतारावर सोडून पायडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकातून टिकटिक येते ना, ती याचीच. सायकलवाले त्या खिट्टीला कुत्रा म्हणतात."

मी शंका काढली. रॅचेट एकाच दिशेने फिरतं, तुमचा हात तर वाकवतानाही अडतो आणि सरळ करतानाही. काकांनी क्षणभर विचार केला. "मग रॅचेटचा पाना म्हणा. खटका उलटा केला की तो दोन्हीकडे चालतो."

इंग्रजीत हा शब्द कारखान्याबाहेरही बराच हिंडतो. भाव चढले आणि मग काही केल्या उतरत नाहीत, तेव्हा तिकडचे अर्थतज्ज्ञ रॅचेटचं नाव घेतात. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तर तो रोजचाच आहे. रक्तवाहिनी दाबून धरायच्या चिमट्याच्या मुठीत ज्या खाचा असतात, त्या रॅचेट. जुना चिमटा पकड सोडायला लागला की सिस्टर "याचं रॅचेट गेलंय" म्हणून तो बाजूला टाकतात. म्हणजे शब्द रोज कानावर पडत होता, पण तपासणीच्या टेबलावर तो मला कधी सुचला नाही.

दोष एकट्या माझा नाही. कंपवातावरचा पहिला प्रसिद्ध निबंध लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली लिहिला. त्यात थरथर आहे, वाकलेली चाल आहे, पण स्नायूंच्या ताठरपणाची स्वतंत्र नोंद नाही. त्यावर भर दिला पुढे पॅरिसच्या शार्को यांनी. आणि ताठर हात टप्प्याटप्प्याने सुटतो, हे दातेरी चाकाची उपमा देऊन 1901 साली सांगितलं इटलीतल्या तुरिनच्या कॅमिलो नेग्रो यांनी. फियाट कंपनी त्याच शहरात 1899 साली स्थापन झाली होती. योगायोगच असेल, पण गावात यंत्रं आली की डॉक्टरांच्या बोलण्यातही येतात. कंपवातात हात कधी सगळीकडे सारखाच ताठ लागतो, त्याला आम्ही शिशाच्या नळीची उपमा देतो. पक्षाघातातला हात आधी जोरात विरोध करतो आणि मग एकदम सुटतो, तो खटक्याचा चाकू. पुस्तकांत या उपमा पाठोपाठ येतात, आणि त्यातला शिसं वाकवून पाहिलेला विद्यार्थी आता शोधून सापडणार नाही.

हात असा अडखळतो का? मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक पुंजका असतो, तो डोपामिन बनवतो. या पेशी कमी झाल्या की हात वाकवणारे आणि सरळ करणारे, दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ताणलेले राहतात. या ताणावर थरथर स्वार होते आणि त्याचे तुकडे पाडते. ही थरथर डोळ्यांना दिसेलच असं नाही. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांचा हात सुरुवातीला थरथरत नाही, आणि "हात कापत नाही, म्हणजे कंपवात नाही" असं घरचे ठरवून टाकतात. तपासणाऱ्याच्या बोटांना मात्र ती कळते. शंका असेल तर रुग्णाला दुसऱ्या हाताची मूठ उघडझाप करायला सांगायची. लपलेला ताठरपणा त्या सरशी वर येतो.

काकांचंही हेच झालं होतं. हात कापत नव्हता, खांदा दुखत होता. फ्रोझन शोल्डर म्हणून आठ महिने शेक, व्यायाम, दोन इंजेक्शनं. या काळात सही बारीक झाली, शर्टाचं बटण लावायला बायको लागू लागली, चालताना उजवा हात हलेनासा झाला. कोपर वाकवून कुणी पाहिलं नव्हतं. मी कुणाला नावं ठेवत नाही. गर्दीच्या दिवशी माझ्याही हातून खांदा तपासला जातो आणि कोपर राहतं.

पण त्यांच्या पिशवीत आणखी एक गोष्ट निघाली. पित्ताची गोळी, दीड वर्ष रोज सकाळी उपाशीपोटी. कधीतरी एका चिठ्ठीवर आलेली, मग औषधाच्या दुकानातून आपोआप चालू राहिलेली. त्या गोळीत आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीला लेवोसल्पिराइड होतं. ते डोपामिनची वाट अडवतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरचं सिनॅरिझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधं, यांनीही हुबेहूब कंपवात दिसू शकतो. यातली पहिली तीन आपल्याकडे घरोघरी, महिनोन्महिने, कुणाला न विचारता घेतली जातात. डॉक्टरकडे जाताना ‘मुख्य’ औषधांची यादी नेतात, पित्ताची गोळी तिच्यात नसते. सगळ्या गोळ्या पिशवीतच आणा. मानसिक आजारावरची गोळी मात्र मनाने बंद करू नका, तो निर्णय ती देणाऱ्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा.

औषधामुळे आलेला ताठरपणा बहुतेकदा गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत उतरतो. काही जणांत उतरत नाही, कारण खरा आजार आतून सुरू झालेला असतो आणि गोळीने तो फक्त लवकर उघडा पाडलेला असतो. थांबून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. काकांना मी तसंच सांगितलं. "म्हणजे खिट्टी काढून बघायची," ते म्हणाले.

चार महिन्यांनी ते आले. डावा हात, जो तेव्हा थोडासाच अडत होता, आता मोकळा फिरला. आवाज जरा मोठा झाला होता. मी उजवं कोपर धरलं, मनगट धरलं आणि सावकाश वाकवायला लागलो. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनीच विचारलं, "आहे ना अजून?"

"आहे," मी म्हटलं. "आधीपेक्षा कमी, पण आहे."

त्या दिवशी लेव्होडोपाची अर्धी गोळी दिवसातून तीनदा सुरू केली. इंटर्न मुलगी तोवर दुसऱ्या विभागात गेली होती. नव्या मुलाने हात धरून पाहिला आणि म्हणाला, "सर, कॉगव्हील." काका त्याच्याकडे वळून बसले आणि त्यांनी सायकलच्या मागच्या चाकापासून सुरुवात केली.