हिणवणाऱ्या शब्दांचे मूळ कोठे असते?

परप्रांतातील किंवा परदेशातील एखादी कथा वाचताना कधी कधी एक अनोळखी शब्द आडवा येतो. एका समाजाने दुसऱ्याला हिणवण्यासाठी तो वापरला आहे, हे संदर्भावरून कळते. पण शब्दकोश उघडून पाहावे, तर त्याचा मूळ अर्थ अगदी साधा निघतो. मग प्रश्न पडतो : एवढ्या साध्या शब्दाचा राग का यावा?

उत्तर शोधण्यासाठी आधी आपल्या जवळचा शब्द घेऊ. मुंबईत ‘घाटी’ म्हणजे मुळात घाटावरचा, सह्याद्रीपलीकडून आलेला माणूस. हे झाले नुसते भूगोलाचे वर्णन. पण घाट उतरून आलेल्यांपैकी अनेकजण हमाली, गिरणीकाम, घरकाम अशी कष्टाची कामे करत. शहरातील सुस्थित लोकांच्या तोंडी ‘घाटी’ म्हणजे ‘अडाणी, गावंढळ’ असा अर्थ रुळला आणि पुढे तो सरसकट मराठी माणसाला चिकटला. डोंगर जागेवरच राहिला, शब्द मात्र बदलला. ‘भय्या’ हा शब्द पाहा. हिंदीत त्याचा अर्थ भाऊ. पण उत्तर भारतातून आलेल्या माणसाला मुंबईत तो ज्या सुरात ऐकवला जातो, त्यात भावाचे नाते उरलेले नसते.

आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू. १८६० पासून भारतीय मजूर करारावर नाताळमधील उसाच्या मळ्यांत जाऊ लागले. त्यांना ‘कुली’ म्हणत. तमिळमध्ये ‘कूलि’ म्हणजे मजुरी. काही अभ्यासक या शब्दाचा संबंध गुजरातमधील कोळी समाजाशीही जोडतात. मूळ कोणतेही असो, तेथील गोऱ्यांनी हा शब्द सगळ्याच भारतीयांना लावला. व्यापारी झाला ‘कुली व्यापारी’ आणि १८९३ मध्ये तेथे गेलेले गांधीजी झाले ‘कुली बॅरिस्टर’.

गांधीजींनी आत्मकथेत आणखी एका शब्दाची हकिकत दिली आहे. अनेक तमिळ नावांच्या शेवटी ‘सामी’ येते, म्हणून गोरे लोक भारतीयांना तुच्छतेने ‘सामी’ म्हणत. हा ‘सामी’ म्हणजे संस्कृतातील ‘स्वामी’, मालक! एखादा हजरजबाबी भारतीय गोऱ्याला ऐकवत असे, की मला सामी म्हणता खरे, पण मी काही तुमचा मालक नाही. त्यावर काही गोरे ओशाळत, तर काही चिडत. शब्दाचा अर्थ ‘मालक’ असूनही त्याची शिवी होऊ शकते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

काही शब्द दुसऱ्याच्या बोलीवरून बनले. ज्यांची भाषा ग्रीकांना नुसती ‘बर्‌बर्‌’ अशी ऐकू येई, ते त्यांच्या लेखी ‘बार्बरोस’ झाले. संस्कृतातील ‘म्लेच्छ’ शब्दामागेही अस्पष्ट बोलण्याचा अर्थ आहे. आपल्याला समजत नाही, याचा दोष समोरच्यावर टाकण्याची ही जुनी खोड आहे.

शब्दांची मुळे शोधताना एका गोष्टीपासून मात्र सावध राहायला हवे. अमेरिकेत इटालियन लोकांना हिणवणारा ‘वॉप’ हा शब्द ‘कागदपत्रांविना’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला, असे सांगतात. गोष्ट चटकदार आहे, पण पटण्यासारखी नाही. स्थलांतरितांना व्हिसा आवश्यक करणारा अमेरिकी कायदा १९२४ चा; शब्द त्याआधी निदान दहा वर्षे छापील मजकुरात आढळतो. नेपल्सच्या बोलीतील ‘ग्वाप्पो’, म्हणजे ऐटबाज किंवा दांडगा माणूस, हे त्याचे मूळ असण्याचा संभव अधिक. म्हणजे व्युत्पत्तीलाही तारखेची कसोटी लावावी लागते. विज्ञानात आपण अंदाज तपासतो, तसाच हा अंदाजही तपासायचा.

पण खरी व्युत्पत्ती सापडली, म्हणून शिवी सौम्य होते का? अरबीत ‘काफिर’ म्हणजे श्रद्धा न ठेवणारा. अरब व्यापाऱ्यांकडून हा शब्द युरोपियनांकडे गेला आणि दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाचा अपमान करणारी सर्वांत जहरी शिवी बनला. २०१८ मध्ये तेथील न्यायालयाने पोलिसांना उद्देशून हा शब्द वारंवार वापरणाऱ्या एका गोऱ्या स्त्रीला तुरुंगवासाची शिक्षा दिली. अरबी कोशातला अर्थ तिच्या बचावाला पुरेसा नव्हता.

वर्गात असा शब्द कानावर आला, की नुसते “असे बोलू नये” म्हणून विषय संपत नाही. “सर, आम्ही फक्त भय्या म्हणालो, त्याचा अर्थ भाऊच ना?” हा युक्तिवाद हमखास पुढे येतो. अशा वेळी मुलांसमोर तीन प्रश्न ठेवता येतील. शब्द कोणी वापरला? कोणासाठी वापरला? आणि ज्याला तो लावला, त्याला तसेच उलटून बोलण्याची मुभा होती का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुले पटकन देतील. तिसऱ्या प्रश्नावर वर्ग थोडा शांत होईल. त्या शांततेत मुलांना विचार करायला वेळ द्यावा, कारण अर्थ कोशात असला तरी घाव तेथेच बसलेला असतो.